अठ्ठेचाळीस मैल

आपला धाकटा रमजानात दिवसाढवळ्या खातो, हे मीरासाहेबांना कळलं ते नवनाथकडून, आणि नवनाथनं ते अगदी चांगल्या मनानं सांगितलं. दोघांनी दौंडच्या यार्डात पॉइंट्समन म्हणून उभी नोकरी काढलेली. नवनाथ पुण्याला लेकीकडं चालला होता, तर डेमू गाडीत समोरच अझर बसलेला. नवनाथनं खारे शेंगदाणे घेतले, अर्धे त्याच्या हातावर ठेवले, आणि त्यानं ते खाल्ले. "पोरगं सुधारलं बरं का मीरासाहेब," नवनाथ म्हणाला. "मान खाली घालून गप बसलं व्हतं."

मीरासाहेब हो हो म्हणाले आणि घरी आले. घरी नूरबी भज्यांसाठी कांदा चिरत होती आणि आपलं आपण बोलत होती, की आज पहाटे सहरीला अझरला एक भाकरी जास्तीची खायला लावली, दिवसभर उपाशी फिरतं लेकरू. मीरासाहेबांनी टोपी खुंटीला अडकवली. बायकोला सांगायचं कसं, हे काही त्यांना सुचेना.

अझर येरवड्याहून सुटून आला त्याला महिना होत आला होता. गाडीत पाण्याच्या बाटल्या विकता विकता तो गर्दच्या नादी लागला, मग सुया टोचून घेऊ लागला, मग पॅसेंजरच्या बॅगा उचलू लागला आणि आत गेला. हे सगळं घराला पाठ होतं. नवीन होतं ते एवढंच, की सुटून आल्यापासून तो रोज सकाळच्या डेमूनं पुण्याला जायचा आणि दुपार कलली की परत यायचा. रविवारीसुद्धा. विचारलं तर म्हणायचा, काम बघतोय. रविवारी कोण काम दाखवतं, हे त्याला विचारायची छाती कुणाची झाली नाही.

मीरासाहेब आतारांच्या घरात अंदाज मात्र भरपूर. नूरबीला वाटायचं, कोर्टात हजेरी लावावी लागत असेल. थोरला सद्दाम शिरूरहून फोनवर स्पष्ट म्हणायचा की पुन्हा गर्द. सद्दामची बायको मेहक म्हणायची, बाई असणार कुणीतरी, आणि हसायची. मीरासाहेब आजवर नूरबीच्या बाजूचे होते. शेंगदाण्यांनी त्यांना तिथून हलवलं.

त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला, की जेलात पोराचं पोट बिघडलंय. रोजा झेपत नाही, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून बिचारा पार पुण्याला जाऊन खातो. म्हातारा या विचारानं गहिवरला. आता यातून वाट काढायची, तर तीही त्यांना सापडली. मुसाफिराला रोजा माफ असतो. रोज प्रवास करणारा माणूस मुसाफिर नाही तर कोण?

पण मुसाफिरीलाही हद्द असते. मशिदीतल्या हाफिजसाहेबांना त्यांनी "माझ्या वळखीतला एक जण" असं म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी अठ्ठेचाळीस मैल सांगितले. आता दौंड ते पुणे किती, हे मीरासाहेबांना विचारायचं म्हणजे माशाला पाणी दाखवायचं. शहात्तर किलोमीटर. अठ्ठेचाळीस मैलांचे होतात सत्त्याहत्तर आणि वर थोडे. हुकलं. थोडक्यात हुकलं, म्हणून जास्त लागलं. रात्रभर कूस बदलून सकाळी त्यांना उमगलं, की पोरगं काही प्लॅटफॉर्मवर बसून राहत नसणार. स्टेशनाबाहेर पडून कुठंतरी जातच असेल ना? तेवढ्यात भरतं! इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

रविवारी सद्दाम आणि मेहक इफ्तारला आले ते टेम्पो घेऊन. दोन माणसांना टेम्पो कशाला, हे नूरबीच्या लक्षात आलं नाही.

मेहकला मात्र माहीत होतं. वाटेत न्हावऱ्याच्या पुढं आल्यावर सद्दामनं तिला सगळं सांगितलं होतं. शिरूरात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांचे जळालेले पंप तिथं येतात. दुकानावरचा पोटमाळा त्यानं रिकामा केला होता. अझरला तिथं ठेवायचं, काम शिकवायचं, ईदपर्यंत बाहेर पाय टाकू द्यायचा नाही, फोन आपल्याकडं ठेवायचा. "दौंडला रूळ हायती तवर ह्यो सुधरायचा न्हाई," सद्दाम म्हणाला होता. मेहकनं विचारलं, न आला तर? सद्दाम म्हणाला, उचलून नेईन. मागंही उचललंय.

तेही खरंच होतं. जेलच्या आधी एकदा सद्दामनं त्याला असाच कोंडून ठेवला होता. अझर तळमळला, ओकला, भिंतीवर डोकं आपटलं, आणि शेवटी शांत झाला. सगळ्यांना वाटलं सुटला. दौंडला परत आल्यावर आठवड्याच्या आत तो यार्डात मालगाडीच्या एका रिकाम्या वाघिणीमागं पडलेला सापडला, ओठ निळे पडलेले. त्याला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यापर्यंत पळाला तो सद्दामच. लोक म्हणतात थोरला कठोर आहे. थोरला घाबरलेला आहे, एवढं मेहकला लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजलं होतं.

तरीपण स्वयंपाकघराच्या दारातून ती अझरकडं बघत राहिली. तो खाली बसून खरबूज कापत होता. फोडी एकसारख्या, हात स्थिर. गेल्या खेपेपेक्षा गाल भरले होते. मेहकच्या माहेरी तळेगाव ढमढेऱ्याला शेजारचा एक पोरगा गर्दवर गेला होता, त्याचं वाळत जाणं तिनं पाहिलं होतं. ह्याचं तर उलटंच चाललंय. नवऱ्याचा अंदाज चुकलाय, हे तिला पटलं. आपलाच बरोबर, असं वाटून ती मनात खूश झाली आणि त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"अझरभाई, नाव तरी सांगा," ती हळूच म्हणाली.

"कुणाचं?"

"जिच्यासाठी रोज पुण्याला जाता तिचं."

अझर सुरी थांबवून तिच्याकडं बघत राहिला आणि मग खरोखर हसला. "प्राची मॅडम," तो म्हणाला. "पण त्यांना दोन पोरं हायती." एवढं बोलून तो फोडी घेऊन आत गेला, आणि मेहक आणखीच कोड्यात पडली.

अजान झाली. खजूर तोंडात गेला, सरबत झालं, बाप-लेकांनी नमाज पढली, मग सगळे जेवायला बसले. बोटी चांगली शिजली होती. सद्दामनं जेवण होईतो दम धरला, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. हात धुवून आल्यावर तो म्हणाला, "अझर, कपडे भर. माझ्यासंगं चाल."

अझरला ही वेळ कधीतरी येणार हे ठाऊक होतं. त्यानं शांतपणे सांगितलं की आत्ता नको, दोन-चार महिन्यांनी येतो. सद्दामनं विचारलं, दोन-चार महिने पुण्यात काय आहे? अझर म्हणाला, काम आहे. कसलं? आहे एक. मग सद्दामचा आवाज चढला. त्यानं सांगितलं, की भावाला पुन्हा एकदा खांद्यावर टाकायची त्याच्यात ताकद नाही, दुसऱ्यांदा श्वास परत येत नसतो. नूरबी मधे पडली, पोरगं रोजे धरतंय, नमाज पढतंय, अजून काय पाहिजे तुला?

इथं मीरासाहेबांना वाटलं, आपली वेळ आली.

"रोजे न्हाई धरत तो," ते म्हणाले. "पन त्यात गुन्हा न्हाई. मुसाफिर हाय तो. मी हाफिजसायबांना विचारलंय."

आणि त्यांनी शेंगदाण्यांपासून सुरुवात करून मैल, किलोमीटर, स्टेशनाबाहेरचा रस्ता, सगळं उलगडून सांगितलं. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. मेहकला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. सद्दाम कपाळाला हात लावून बसला. नूरबी मात्र अझरकडं बघत होती. रोज पहाटे अर्धवट झोपेत उठून तिनं त्याला वाढलं होतं, पाणी पी, अजून पी म्हटलं होतं, आणि तो मुकाट प्यायला होता. तिला फसवल्याचं दुःख झालं आणि तिनं ते लपवलं नाही. "मला सांगितलं असतंस तर मी काय मारलं असतं का?" ती म्हणाली.

"मुसाफिर असू दे नायतर कोण असू दे," सद्दाम म्हणाला. "उद्यापासनं प्रवास बंद. शिरूरात ऱ्हायचं."

"शिरूरहून पुणं सदुसष्टच पडतं," मीरासाहेब पुटपुटले. "तिथनं तर मुसाफिरी व्हतच न्हाई."

अझर बापाकडं बघत राहिला. या माणसानं आपल्यासाठी दोन दिवस बसून रस्ता मोजला होता, आणि बाहेर पडायचं एक दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हटलं असतं तर आईची समजूत पटली असती. पण त्या दारातून टेम्पोत बसावं लागलं असतं, आणि टेम्पोतून पोटमाळ्यावर. उद्या सकाळी आपण तिथं कुलपात असू, परवा घाम सुटेल, तेरवा हाडं मोडायला लागतील. पुढचं त्याला ठाऊक होतं.

"अब्बा, मी मुसाफिर न्हाई," तो म्हणाला. "मी आजारी हाय."

मग त्यानं सांगितलं. आत असतानाच डॉक्टरांनी एक औषध सुरू केलं होतं. गर्दची तलफ मारणारी गोळी. सुटताना एका संस्थेच्या प्राची मॅडम भेटायला आल्या आणि पुण्यातल्या व्यसनमुक्ती सेंटरचा पत्ता देऊन म्हणाल्या, की एक दिवसही मधे खाडा करू नको. ती गोळी घरी देत नाहीत, निदान सुरुवातीला तरी नाही. सिस्टरच्या समोर खुर्चीवर बसायचं, गोळी जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. नुसती गोळी खायला तो रोज पुण्याला जात होता. आणि गोळी तोंडात गेली की रोजा कसला राहतो? रमजानात वेळ संध्याकाळची करता येईल का, हेही त्यानं विचारून पाहिलं होतं. संध्याकाळी सेंटर बंद असतं.

ऐकता ऐकता मीरासाहेब पुढं सरकले होते. त्यांना फार प्रश्न पडले आणि त्यांनी ते एकामागून एक विचारले. चव कशी असते? कडू. गिळली तर? काम करत नाही. घेतल्यावर नशा येते का? नाही, नुसतं बरं वाटतं, सगळ्या माणसांना सकाळी उठल्यावर वाटत असेल तसं. हे उत्तर ऐकून म्हाताऱ्यानं मान हलवली.

"म्हंजी एक सोडून दुसरी धरली," सद्दाम म्हणाला. "गर्द काय आन् गोळी काय."

"भाई, तुला एक सांगतो." अझर त्याच्याकडं वळला. "माझ्यासंगं एक पोरगा सुटला. सेंटरला दोन दिवस आला. मग त्याच्या भावानं त्याला गावी नेलं, घरात ठेवला. पंधरा दिवस एकदम चांगला ऱ्हायला. मग एक दिवस पुण्याला आला आन् पूर्वी घ्यायचा तेवढीच घेतली. अंगाची सवय गेलेली. तिथंच गेला तो." तो थांबला. "त्याच्या भावानं वाईट म्हणून न्हाई नेलं. चांगल्यासाठीच नेलं व्हतं."

 वाघिणीमागचे निळे ओठ सद्दामला दिसले असणार. कोंडून ठेवून आपण ह्याला वाचवलं असं तो इतकी वर्षं समजत आला होता. त्यानं उठून दारापर्यंत चक्कर मारली, बाहेर उभ्या टेम्पोकडं पाहिलं आणि परत येऊन भावाच्या जवळ बसला. त्यानं विचारलं, "कुठं हाय ते सेंटर? शिरूरची एसटी जिथं थांबती तिथनं लांब हाय का?"

"जवळ हाय. रेल्वे स्टेशनापासनं पडतं त्यापेक्षा जवळ."

"मग उद्या मी येतो तुझ्यासंगं. बघू दे मला." मीरासाहेब म्हणाले, मीपण येतो. सिस्टर ओरडेल इतकी माणसं बघून, असं अझर म्हणाला, आणि त्या घरात त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळे एकदम हसले.

इथं विषय संपला असता. पण मेहकला राहवेना. तिचं डोकं सुयांपाशी अडकलं होतं, आणि दुपारी नूरबीनं सहज सांगितलेलं तिला आठवत होतं.

"अम्मी म्हणाल्या, तुम्ही झोपताना ताकदीची गोळी घेता," ती म्हणाली. "तीपण त्याच सेंटरची का?"

अझरला वाटलं, एका दिवसाला एवढं पुरे होतं. पण खोटं बोलायची शक्ती उरली नव्हती. "ती ताकदीची न्हाई भाभी. एचआयव्हीची हाय. सुयांमुळं झाला."

मीरासाहेबांना शब्द ठाऊक होता, एड्सच्या पाट्या त्यांनी स्टेशनावर आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले. सद्दामचा हात आधी भावाच्या गुडघ्यावर होता, तो उचलला गेला. अझरनं ते पाहिलं. सद्दामनं आपण काय केलं ते पाहिलं, आणि हात पुन्हा ठेवायला त्याला थोडा वेळ लागला. पण ठेवला.

मेहकला पाचवा महिना होता. तिचा हात पोटावर गेला. "मला नीट सांगा," ती म्हणाली. "मी विचारनार. माझीपण ती टेस्ट झाली शिरूरच्या दवाखान्यात, सगळ्या पोटुशींची करतात. रिपोर्ट चांगला आला एवढं सांगितलं, बाकी कुणी काय सांगितलं न्हाई."

ती भीतीपोटी विचारत होती, पण विचारत होती, आणि अझरला तेवढंच हवं होतं. एका ताटात जेवून होत नाही. एका घरात राहून होत नाही. गोळी रोज घेतली की तो आजार रक्तात इतका दबतो, की तपासणीत सापडत नाही. मग बायकोलाही होत नाही, असं डॉक्टर सांगतात. बाईला झाला असला तरी औषध नीट चालू असेल तर बाळ बिनआजाराचं होऊ शकतं. मेहकनं हे तीन-तीनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं, अझरभाई. मी साडी घ्यायचंपण ठरवलं व्हतं."

 नूरबीला ते इंग्रजी नाव कळलं नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिच्या मनात एकच होतं आणि ते विचारायची तिच्याकडं एकच रीत होती. आजारी माणसाचे रोजे दोन तऱ्हेनं फिटतात. बरा होणारा असेल तर तो बुडालेले रोजे नंतर धरून भरून काढतो, मेहकही बाळंत झाल्यावर भरणार होती. आणि ज्याची आशाच उरली नाही त्याच्या प्रत्येक रोज्यामागं एका गरिबाला जेवू घालायचं. त्याला फिदया म्हणतात.

"अझर," ती म्हणाली, "तुझे रोजे मागनं भरायचे का फिदया द्यायचा?"

खोलीत सगळ्यांना प्रश्न समजला.

"पहिला आजार सुटंल अम्मी. वरीस लागंल, दीड लागंल, पन सुटंल," अझर म्हणाला. "दुसरा जात न्हाई. गोळी जन्मभर घ्यायची. माणूस चांगला जगतो. पन आजार जात न्हाई."

मीरासाहेब घसा खाकरून म्हणाले, की मग उद्या मशिदीत विचारून घेतो. रीतीप्रमाणं जेवणाऐवजी गहू द्यावे लागतील, ते देऊ, त्यात काही लाजायचं कारण नाही. 

"काय विचारू नका," नूरबी म्हणाली. "तुमच्या आईचा दिला व्हता ना फिदया? आपनच दिला. पुढचा रमजान बघितला का त्यांनी? माझ्या पोराच्या नावाचा गहू ह्या घरातनं बाहेर जायचा न्हाई. बुडाले तेवढे तो मागनं भरंल."

"लई बुडालेत अम्मी," अझर म्हणाला. "ह्याच वर्षाचे न्हाईत. आत व्हतो तवाचे, गर्दवर व्हतो तवाचे. कवाचे तरी हायती."

"मग तेवढं जगावं लागंल," नूरबी म्हणाली, आणि ताटं उचलायला उठली.